नव्वदीतलं इलेक्ट्रॉनिक डान्स संगीत: अल्बम ऐकायचे तर कोणते?

प्रश्न नाशिकच्या एका तेवीस वर्षांच्या मुलाचा आहे. लॅपटॉपवर ट्रॅक बनवतो, सनबर्न महोत्सवाला दोनदा जाऊन आलाय. तो विचारतो: "दादा, नव्वदच्या दशकातले ऐकायलाच हवेत असे दहा इलेक्ट्रॉनिक डान्स अल्बम सांगा. आणि खरं सांगा, त्यातले गाजलेले ट्रॅक प्लेलिस्टमध्ये ऐकले की भागत नाही का?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

बऱ्याचदा भागतं. हे संगीत अल्बमसाठी जन्मलेलंच नाही. शिकागो, डेट्रॉइट, लंडन, कुठेही जा, चलनी नाणं एकच होतं: बारा इंची रेकॉर्ड. एका बाजूला एक ट्रॅक, सहा-सात मिनिटांचा. सुरुवातीला आणि शेवटी नुसती किक (ड्रमचा जड ठोका) आणि हाय-हॅट (झांजेची टिकटिक), म्हणजे डीजेला आधीच्या रेकॉर्डमधून यात शिरता यावं आणि यातून पुढच्यात सटकता यावं. सुताराच्या पेटीत रंधा असतो तसं ते डीजेचं अवजार. पण दहा रंधे खोक्यात भरले म्हणून टेबल होत नाही, आणि त्या काळात निघालेले कितीतरी डान्स अल्बम असे रंध्यांचे खोकेच होते. दोन हिट, बाकी भरती. ते तू प्लेलिस्टमध्येच ऐक, काही बिघडत नाही.

मी सांगतोय ते अल्बम अशा लोकांचे आहेत ज्यांना एक प्रश्न पडला होता: सहा मिनिटांच्या अवजारातून तासाभराचं काहीतरी उभं कसं करायचं? प्रत्येकाने उत्तर वेगळं काढलं. तुलाही कधीतरी तोच प्रश्न पडणार आहे, म्हणून हे तुझ्या कामाचं. आकडा दहाचा भरेल न भरेल, मोजत बसू नकोस.

माझं म्हणशील तर मी १९९५ पासून पुण्यात वाजवतोय. आधी लग्नं आणि गॅदरिंग, मग क्लब, हल्ली निवडकच. (पुण्यात 'डीजे' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतली स्पीकरची भिंत उभी राहते. त्या धंद्यात मी नाही.) इंपोर्टेड सीडी खिशाबाहेरची, त्यामुळे माझं शिक्षण झालं ते नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतलेल्या कॉप्यांवर. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. हे अल्बम सत्तर-सत्तर मिनिटांचे. सगळे अल्बम मी कितीतरी वर्षं मधेच तुटलेले ऐकले आहेत.

सुरुवात कर ऑर्बिटलच्या दुसऱ्या अल्बमपासून, १९९३ चा. नाव काहीच नाही, नुसतंच 'ऑर्बिटल'. पहिल्याचंही तेच, म्हणून लोक कव्हरच्या रंगावरून ओळखतात. १९९१ चा हिरवा, हा तपकिरी. फिल आणि पॉल हार्टनॉल हे दोघे भाऊ केंट परगण्यातले. लंडनभोवती फिरणारा एम-२५ हा जो वर्तुळाकार महामार्ग आहे, त्याच्या आसपास तेव्हा रेव्ह, म्हणजे रात्रभराच्या नाचाच्या पार्ट्या, भरायचे. नाव त्यावरूनच घेतलंय.

या तपकिरी अल्बमच्या पहिल्या मिनिटात काय होतं ते सांगतो. 'स्टार ट्रेक'मधल्या एका पात्राचं वाक्य येतं, काळाचं वर्तुळ बनतं अशा अर्थाचं, आणि तेच पुन्हा पुन्हा वाजत राहतं. हेच वाक्य आधीच्या अल्बमच्या सुरुवातीलाही होतं. म्हणजे ज्याच्याकडे पहिला आहे त्याला वाटावं, आत चुकीची सीडी आली. मग डाव्या आणि उजव्या कानातला आवाज एकमेकांपासून केसभर सरकतो. मग आणखी थोडा. आधी खोलीत घुमल्यासारखं, मग प्रतिध्वनीसारखं, मग दोन माणसं एकमेकांवर बोलताहेत असं. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी साठच्या दशकात टेपवर केलेली ही युक्ती. मला हे कुठलं माहीत असायला! कॅसेट पहिल्यांदा लावली तेव्हा डेक खराब झाला असं समजून मी हेड स्पिरिटने पुसलं, दोन वेळा. मग मित्राला फोन करून शिव्या घातल्या की कॉपी नीट केली नाहीस म्हणून.

त्याच्यापुढे मात्र हा अल्बम वाहत सुटतो. एक ट्रॅक दुसऱ्यात कधी मिसळला कळत नाही, एकाच सुरावटीचे दोन भाग वेगवेगळ्या उजेडात येतात, मधेच पादचारी क्रॉसिंगवरचा टिकटिक आवाज तालाचा भाग होऊन बसतो. आणि शेवटाकडे 'हॅल्सियन'. हॅल्सियन हे झोपेच्या गोळीचं नाव. या भावांच्या आईला तिची सवय लागली होती, तो ट्रॅक तिच्यासाठी आहे. त्यातला बाईचा आवाज उलटा वाजवलेला आहे, त्यामुळे शब्द लागत नाहीत, पण कोणीतरी काहीतरी समजावतंय एवढं पोचतं. हे कळल्यावर परत ऐक. तासाभराचं काय करायचं, याला ऑर्बिटलचं उत्तर म्हणजे गाठ दिसू न देता धागा ओवत जायचा.

प्रॉडिजीचं उत्तर बरोबर उलटं: राग. पण त्यासाठी थोडी पार्श्वभूमी लागेल. १९९२ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये कॅसलमॉर्टन इथल्या माळावर हजारो लोक जमले आणि आठवडाभर फुकटचा रेव्ह चालला. पेपरवाले आणि सरकार दोघेही खवळले. १९९४ मध्ये कायदा आला आणि त्यात रात्रीच्या उघड्यावरच्या मेळाव्यांवर बंधनं घालताना 'संगीत' कशाला म्हणायचं त्याची चक्क व्याख्या केली: एकामागून एक पुनरावृत्त होणारे ठोके हे ज्याचं मुख्य लक्षण आहे असे आवाजसुद्धा त्यात धरले. विचार कर, किक ड्रमची कायदेशीर व्याख्या! ऑटेकर या जोडीने त्यावर एक ईपीच (थोड्याच ट्रॅकची छोटी रेकॉर्ड) काढली. त्यातल्या एका ट्रॅकमध्ये कुठलेही दोन बार (तालाची आवर्तनं) सारखे येणार नाहीत असा ताल बांधला, म्हणजे कायद्यात बसायलाच नको.

प्रॉडिजीचा 'म्युझिक फॉर द जिल्टेड जनरेशन' त्याच वर्षी जुलैमध्ये आला. लियम हाउलेट हा एसेक्समधल्या ब्रेनट्री गावचा पोरगा, संगीताचं बहुतेक सगळं काम त्याचंच. अल्बम एवढा भरला की सीडीत बसवायला काही ट्रॅक छाटावे लागले. कव्हर उघडलं की आतल्या चित्रात दरीवरचा दोरांचा पूल; अलीकडे रेव्हवाला तरुण, पलीकडे पोलिसांची फौज, आणि तो दोर कापतोय. 'देअर लॉ' हा ट्रॅक तर नावासकट कायद्याला उत्तर. लोक १९९७ चा 'द फॅट ऑफ द लँड' जास्त ओळखतात, तोच जास्त खपला. माझ्या मते तो पाच-सहा दणदणीत ट्रॅकचा संच आहे, अल्बम 'जिल्टेड'च.

१९९४ च्याच जानेवारीत अंडरवर्ल्डचा 'डबनोबेसविथमायहेडमॅन' आला. नाव एका दमात म्हणून दाखव. कार्ल हाइड आणि रिक स्मिथ हे ऐंशीच्या दशकातले फसलेले बँडवाले. दोन नावांनी दोन बँड करून झाले, युरिदमिक्स या गाजलेल्या पॉप जोडीबरोबर दौरा करून झाला, काही जमलं नाही. मग डॅरेन इमर्सन हा विशीतला डीजे त्यांच्यात आला आणि त्या दोघांच्या गाण्यांखाली किक घातली. हाइड वही घेऊन शहरात हिंडायचा; बसमध्ये, पबमध्ये, रस्त्यावर कानावर पडलेली वाक्यं टिपायचा आणि तीच तुकड्या-तुकड्यांनी म्हणायचा. अर्थ शोधू नकोस. रात्री साडेबाराला लक्ष्मी रोडने चालत घरी येताना कानावर जे पडतं, तसं ते आहे. 'स्कायस्क्रेपर'चा ट्रॅक तेरा मिनिटांचा आहे आणि एकदाही घड्याळ बघावंसं वाटत नाही. (ज्या ट्रॅकमुळे जग त्यांना ओळखतं तो 'बॉर्न स्लिपी' या अल्बमवर नाही. तो १९९५ मध्ये एका सिंगलच्या मागच्या बाजूला होता आणि १९९६ मध्ये 'ट्रेनस्पॉटिंग' सिनेमामुळे वर आला.)

लेफ्टफील्डचा 'लेफ्टिझम', १९९५. याच्याबद्दल थोडक्यात, कारण हा अल्बम वाचून कळणारच नाही. नील बार्न्स आणि पॉल डेली यांनी जमैकन डबचा (रेगेच्या घुमत्या रूपाचा) बेस आणि हाउसची (शिकागोच्या डान्स संगीताची) किक एकत्र आणली. पहिल्याच ट्रॅकमध्ये रेगे गायक अर्ल सिक्स्टीनचा आवाज तरंगत राहतो आणि किक यायला बराच वेळ लावते. आजचा निर्माता तेवढा धीर धरणार नाही. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा जॉन लायडन 'ओपन अप'वर किंचाळतो. १९९६ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत त्यांनी वाजवलं तेव्हा बेसने छताचा गिलावा खाली आला, असं सांगतात. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकशील तर निम्मा अल्बम तुला ऐकूच येणार नाही.

आता जंगल आणि ड्रम अँड बेस, वेगवान ड्रमचे दोन सख्खे संगीतप्रकार. हे आपल्याकडच्या माणसाला समजावणं मला सगळ्यांत सोपं गेलंय. ढोल-ताशा पथकाच्या सरावाला उभा राहिला आहेस ना? ताशाच्या काड्या तडतडत असतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या. आणि ढोलाचा टिपरू त्याच्या निम्म्या-पाव गतीने, जड पडतो. पाय ढोलावर हलतात, अंगावर काटा ताशाने येतो. जंगलमध्ये ड्रम मिनिटाला एकशेसाठ-सत्तरच्या गतीने आणि बेस त्याच्या निम्म्याने. क्लबमध्ये नवखा माणूस ड्रमच्या मागे धावतो आणि पाच मिनिटांत दमतो. जाणता बेसवर झुलतो.

त्यातले ते ड्रम बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून आलेले. द विन्स्टन्स या बँडचं १९६९ चं 'अमेन, ब्रदर'. त्यात ग्रेगरी कोलमन सहाएक सेकंद एकटाच ड्रम वाजवतो. सॅम्पलरमध्ये (आवाजाचा तुकडा साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) ते घ्यायचं, प्रत्येक ठोका वेगळा कापायचा, गती वाढवायची, ठोक्यांचा क्रम बदलायचा. एक सबंध संगीतप्रकार या सहा सेकंदांवर उभा आहे आणि कोलमनला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. २००६ मध्ये तो गेला.

या प्रकारातला अल्बम म्हणजे गोल्डीचा 'टाइमलेस', १९९५. गोल्डी मूळचा भिंतीवर ग्राफिटी रंगवणारा. यंत्रांपुढे रॉब प्लेफर्ड बसायचा आणि गोल्डी त्याला सांगायचा काय हवंय ते. पहिलाच ट्रॅक एकवीस मिनिटांचा! तीन भाग, तंतुवाद्यांची लाट, डायान शार्लमेनचा आवाज आणि खाली ते चिरलेले ड्रम. हा अल्बम लांबतो, मधे एक-दोन ठिकाणी जॅझच्या नादात भरकटतो, हे कबूल. पण जे संगीत लोक गल्लीतलं समजत होते त्याला एकवीस मिनिटं बोलायला देणं, हे धाडस आधी कोणी केलं नव्हतं. दोन वर्षांनी ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि त्याच्या रेप्रेझेंट या गटाच्या 'न्यू फॉर्म्स'ला मर्क्युरी प्राइज, म्हणजे ब्रिटनमधलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं पारितोषिक, मिळालं. तोही ऐक, जास्त नेटका आहे. आणि १९९९ मध्ये तेच पारितोषिक तलविन सिंगच्या 'ओके'ला मिळालं. लंडनचा मुलगा, पंजाब घराण्याचा तबला शिकलेला. तबल्याचे बोल आणि ड्रम अँड बेसची गती एकमेकांना परकी नाहीत, हे त्याने सिद्ध केलं. त्याचा मी भक्त नाही, काही जागा हॉटेलच्या लॉबीत वाजवण्यासारख्या आहेत. तबला येतो तिथे मात्र मान डोलते.

गोवा. इथे मला आवरावं लागेल. डिसेंबर १९९६ मध्ये मी आणि दोन मित्र रात्रीच्या एसटीने म्हापशाला उतरलो. कोकण रेल्वे तेव्हा पूर्ण व्हायची होती. हणजूणला पोचलो, पार्टी कुठे आहे ते कोणी सांगेना. मध्यरात्रीनंतर नुसत्या आवाजाच्या मागावर चालत गेलो. झाडांच्या मधे चटया पसरून, समोवारासारख्या पातेल्यात चहा उकळत, रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडात गावातल्या बायका बसलेल्या. चहा, ऑम्लेट-पाव. पार्टीत कोणाचंही काहीही होवो, त्या सकाळपर्यंत जागच्या हलत नसत. डीजेकडे बघितलं तर टर्नटेबलच नाही! दोन छोटे डॅट प्लेअर (डिजिटल कॅसेट वाजवणारी यंत्रं) आणि मिक्सर.

याला कारण होतं. किनाऱ्यावरच्या उन्हात विनाइल वाकतं, शिवाय पेटीभर रेकॉर्ड विमानातून आणायची कोणी? डॅटची कॅसेट खिशात मावते आणि न छापलेला ट्रॅकही एकमेकांना देता येतो. पण त्या छोट्या डॅट यंत्रांवर गती कमी-जास्त करायची सोय नसायची. दोन ट्रॅकची गती जुळून बीट मॅच होणार कसा? होतच नसे. एक ट्रॅक शेवटी बीटशिवाय विरघळतो, दुसरा सुरुवातीला बीटशिवाय उमलतो, मधे फेडर (आवाजाची सरकपट्टी) सरकवायचा. गोवा ट्रान्सच्या ट्रॅकना दीड-दोन मिनिटांची ती गूढ, हवेतली सुरुवात असते ना, लोक तिला अध्यात्म समजतात. तिच्यामागे अशी यंत्राची अडचणही आहे.

अल्बम एकच सांगतो: हॅल्युसिनोजेनचा 'ट्विस्टेड', १९९५. सायमन पॉसफर्ड नावाच्या इंग्रज माणसाचं काम. एका आवाजातून दुसरा कसा पिळून निघतो ते ऐकायचं. कुठलीही ओळ आठ बारांपलीकडे आहे तशी राहत नाही. या दशकातलं सगळ्यांत बारीक विणकाम यात आहे असं माझं मत, आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. गोवा ट्रान्सचे बाकीचे ढीगभर अल्बम सोड. एक ऐकला की उरलेले नऊ ऐकल्यात जमा. अपवाद, जुनो रिअॅक्टरचा 'बायबल ऑफ ड्रीम्स', १९९७.

डाफ्ट पंकचा 'होमवर्क', जानेवारी १९९७. नावातच आहे, पॅरिसमध्ये तोमा बँगाल्तेरच्या घरी बेडरूममध्ये बनवलेला. तू ट्रॅक बनवतोस म्हणून तुला एक गृहपाठ देतो. 'अराउंड द वर्ल्ड'चा मिशेल गोंद्री यांनी केलेला व्हिडिओ आवाज चालू ठेवून पाच वेळा बघ. त्यात नाचणाऱ्यांच्या पाच टोळ्या आहेत आणि प्रत्येक टोळी म्हणजे एक वाद्य. खेळाडू म्हणजे बेस: सूर चढला की पायऱ्या चढतात, उतरला की उतरतात. ममी म्हणजे ड्रम मशीन. सांगाडे म्हणजे गिटार. पोहण्याच्या पोशाखातल्या मुली म्हणजे वरची कीबोर्डची ओळ. रोबो म्हणजे गाणारा आवाज. प्रत्येक वेळी एकाच टोळीवर नजर ठेव. ती कधी थांबते, कधी परत येते, ते कागदावर लिही. पाचव्या खेपेला तुझ्या हातात पूर्ण अरेंजमेंट असेल आणि लक्षात येईल की सबंध ट्रॅक फक्त पाच वस्तूंवर चालला आहे. तू मला पाठवलेल्या ट्रॅकमध्ये मी बत्तीस चॅनेल मोजले.

त्याच अल्बमवर 'टीचर्स' नावाचा ट्रॅक आहे. त्यात ते नुसती नावं घेतात, ज्यांच्याकडून शिकले त्यांची. बहुतेक शिकागो-डेट्रॉइटचे लोक. तुला यादी हवी होती ना, ही घे.

त्या यादीतला जेफ मिल्स हा माझा शेवटचा मोठा मुद्दा. डेट्रॉइटच्या टेक्नोवाल्यांनी अल्बमच्या भानगडीत फारसं पडायचं टाळलं. त्यांचं सोनं बारा इंचांवरच आहे. पण मिल्सचा 'लाइव्ह ॲट द लिक्विड रूम, टोकियो', १९९६, हा मिक्स अल्बम म्हणून ऐक. तीन टर्नटेबल, तासाभराहून थोडा जास्त वेळ, तीसहून जास्त रेकॉर्ड. काही रेकॉर्ड मिनिटभरही टिकत नाहीत. सुई सरकल्याचा आवाज येतो, एखाद्या जागी बीट लडखडतो आणि बोटाने लगेच सावरला जातो. सॉफ्टवेअरच्या 'सिंक' बटणावर वाढलेल्या माणसाने हे लडखडणं मुद्दाम ऐकावं. सहा मिनिटांच्या अवजाराचा अल्बम कसा करायचा, यावर मिल्स म्हणतो, करूच नका. अवजारं चालवताना ऐका.

डेट्रॉइटच्या नदीपलीकडे, कॅनडातल्या विंडसरमधून रिची हॉटिनने प्लास्टिकमॅन या नावाने 'शीट वन' काढला, १९९३. जवळजवळ सगळा रोलँडच्या टीबी-३०३ या बेस वाजवणाऱ्या चंदेरी डबीवर. गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून रोलँडने ती बनवली, चालली नाही, बंद केली. मग सेकंडहँडच्या भावात शिकागोच्या पोरांच्या हाती लागली आणि अॅसिड हाउस निघालं. तरी गंमत म्हणजे त्याच्या कितीतरी आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी तीच डबी घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले होते. तेव्हा कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जगाने डोक्यावर घेतलं. आपल्या दशकाच्या बाहेरचं आहे, पण ऐकच.

उरलेले पटापट. एफेक्स ट्विनचा 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५-९२': नाचायला नाही, नाचून आल्यावर. कॅसेटवर रेकॉर्ड केलेला, त्यामुळे खाली सतत सूंऽऽ आवाज आहे, तोच त्याचा गोडवा. केमिकल ब्रदर्सचा 'डिग युअर ओन होल', १९९७: रॉक ऐकणाऱ्या मित्राला इकडे ओढायचं असेल तर. बेसमेंट जॅक्सचा 'रेमेडी', १९९९: घरात पाहुणे असतील तर. मोबीचा 'प्ले' मी यादीत धरत नाही. त्यातला एकूण एक ट्रॅक जाहिरातींना आणि सिनेमांना विकला गेला आणि आता ऐकताना मला काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं. मॅसिव्ह अटॅक, पोर्टिसहेड थोर आहेत, पण त्यांच्यावर कोणी नाचत नाही.

ऐकायचं कसं, तेवढं सांगतो. महागडे हेडफोन नकोत, पण वायरचे, कान झाकणारे घे. किकचं पोट पन्नास-साठ हर्ट्‌झला असतं आणि मोबाइलला ते जमतच नाही. ॲपमधलं शफल बंद, क्रॉसफेड (ट्रॅक एकमेकांत मिसळण्याची सोय) बंद. ऑर्बिटलचे सांधे त्यानेच उसवतात. अल्बम पुन्हा काढताना मागे बोनस ट्रॅक जोडलेले असतात, ते पहिल्या खेपेला वगळ. 'ट्विस्टेड' दिवसा ऐकू नकोस. पुण्याला येशील तेव्हा घरी ये, 'लेफ्टिझम' विनाइलवर आहे माझ्याकडे. सुई मात्र मी ठेवणार.